कारखान्यांचे बिऱ्हाड

२२ जून १९४१ रोजी, रविवारी पहाटे, जर्मन फौजा सोव्हिएत सरहद्द ओलांडून आत घुसल्या, त्या वेळी मॉस्कोच्या सरकारी कपाटांत एक पंचवार्षिक योजना सुखाने नांदत होती. ती तिसरी. १९३८ साली तिचा आरंभ झाला होता आणि १९४२ च्या अखेरीस ती सुफळ संपूर्ण व्हावयाची होती. पोलाद किती, कोळसा किती, साखर किती, बुटांचे जोड किती, याचे तक्ते 'गॉसप्लान' या मध्यवर्ती नियोजन मंडळाने आखून ठेवले होते. त्या एका पहाटेने ते सारे रद्दीत जमा केले. ज्या खाणींचा, ज्या भट्ट्यांचा आणि ज्या शेतांचा हिशेब त्यांत मांडला होता, त्यांतील कितीतरी पुढल्या पाच महिन्यांत शत्रूच्या ताब्यात जाणार होत्या.

चार वर्षांनी तेच राष्ट्र बर्लिनला जाऊन पोचले. या घटनेचा अर्थ तेव्हापासून दोन तऱ्हांनी लावला जात आला आहे. नियोजनाचे भक्त म्हणतात, योजना होती म्हणून रशिया तरला. टीकाकार म्हणतात, तो तरला हिवाळ्यामुळे, अमेरिकेच्या मालामुळे आणि माणसांच्या अमाप बळीमुळे. योजनेचा झाला तो अडथळाच. दोन्ही पक्षांना आपापल्या सोयीचे आकडे मिळतात. परंतु १९४१ आणि १९४२ या दोन सालांत तेथे प्रत्यक्ष काय घडले हे बारकाईने पाहू लागले की निराळीच हकीकत नजरेस येते. संकट आले तेव्हा योजना बाजूला ठेवली गेली. उरली ती योजनेच्या निमित्ताने बारा-तेरा वर्षे उभारलेली हुकमत, आणि त्या हुकमतीखाली अडल्या वेळी डोके चालविणारी माणसे. देश वाचला तो या दोहोंच्या जोरावर. आणि त्याच हुकमतीने १९४२ साली तो जवळजवळ उपासमारीच्या दरीत नेऊन उभा केला होता.

युद्धाची तयारी रशियाने केलीच नव्हती असे मात्र कोणी समजू नये. उरल पर्वताच्या पायथ्याशी मॅग्निटोगोर्स्क येथे १९३२ सालीच भट्टी पेटली होती. सैबेरियात कुझ्नेत्स्कचे पोलाद निघत होते. पश्चिमेकडील कारखान्यांचे जुळे भाऊ पूर्वेस उभारावेत हे तिसऱ्या योजनेत लिहिलेले होते. पण सेनापतींचा आणि राज्यकर्त्यांचा सिद्धान्त असा की युद्ध होईल ते शत्रूच्या भूमीवर! आपल्या घरातून माघार घ्यावी लागली तर कारखान्यांचे काय करावयाचे, याचा आराखडा कोणी तयार ठेवला नव्हता. १९३७-३८ च्या धरपकडीनंतर असा आराखडा स्वतःहून पुढे आणणाऱ्याची गणना पराभूत मनोवृत्तीच्या माणसांत झाली असती, आणि त्या गणनेचा अर्थ तेथे सर्वांनाच ठाऊक होता. गॉसप्लानचे पूर्वीचे अध्यक्ष मेझलाउक यांना १९३८ साली गोळी घातलेली होती. त्याच वर्षी जानेवारीत त्यांची जागा निकोलाय वोझ्नेसेन्स्की या अवघ्या चौतीस वर्षांच्या अर्थशास्त्रज्ञाला मिळाली. या गृहस्थाशी आपली पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

नोव्हेंबर १९४१ पर्यंत जो मुलूख शत्रूने व्यापला, त्याचा ताळेबंद पुढे वोझ्नेसेन्स्कीनेच आपल्या ग्रंथात दिला. युद्धापूर्वी देशाच्या लोकसंख्येपैकी ४० टक्के लोक या भागात राहत. ६३ टक्के कोळसा, ६८ टक्के बीड, ५८ टक्के पोलाद, ३८ टक्के धान्य आणि ८४ टक्के साखर याच भागातून येई. जून ते नोव्हेंबर एवढ्या अवधीत देशाचे औद्योगिक उत्पादन निम्म्याहूनही खाली आले. कोणत्याही पाठ्यपुस्तकाप्रमाणे अशा राष्ट्राने तहाची बोलणी सुरू करावयास हवी होती.

आपल्याकडे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे म्हणतात. रशियनांनी त्या उन्हाळ्यात कारखान्यांचे बिऱ्हाड पाठीवर घेतले. हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी, २४ जूनला, स्थलांतर मंडळ नेमण्यात आले. प्रथम रेल्वेमंत्री कागानोविच त्याचे प्रमुख होते. तीन आठवड्यांत ते काम श्वेर्निक यांजकडे गेले. कोसिगिन त्यांचे उपप्रमुख होते. १९६६ च्या ताश्कंद वाटाघाटींमुळे भारतीय वाचकाला परिचित झालेले ते हेच. जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांत १,५२३ औद्योगिक कारखाने हलविले गेले. त्यांपैकी १,३६० मोठे होते. ६६७ कारखाने उरलकडे गेले, ३०८ कझाकस्तान व मध्य आशियात, ३२२ सैबेरियात आणि २२६ व्होल्गाकाठी. यास सुमारे पंधरा लाख वाघिणी लागल्या असे सरकारी हिशेब सांगतात. याच लोहमार्गांवरून उलट दिशेने, पश्चिमेकडे, सैन्य आणि दारूगोळा जात होता हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

खार्कोव्हचा एंजिनांचा कारखाना घ्या. टी-३४ हा प्रसिद्ध रणगाडा जन्मला तो येथे. कारखान्याची शेवटची गाडी १९ ऑक्टोबरला निघाली आणि २४ तारखेला शहर पडले. माल जावयाचा होता लोहमार्गाने दोन हजार किलोमीटरांहून दूर, उरलमधील निझ्नी तागिल येथे. तेथे रेल्वेच्या वाघिणी बनविणारा एक प्रचंड कारखाना होता. त्याच छपराखाली खार्कोव्हची यंत्रे मांडली गेली आणि डिसेंबर संपण्यापूर्वी पंचवीस रणगाडे तयार होऊन बाहेर पडले. ज्यांना तयार छप्पर मिळाले ते भाग्यवान. कित्येक ठिकाणी उणे तीस-चाळीस अंशांच्या थंडीत उघड्यावर यंत्रे बसविली, ती चालू केली, आणि भिंती मागाहून उभ्या राहिल्या. कामगारांची घरे तर त्याच्याही मागाहून. जमिनीत खड्डे खणून, वर लाकडे-माती टाकून माणसे राहिली आणि त्यांतल्या पुष्कळांनी तशी दोन-दोन वर्षे काढली.

हे सर्व घड्याळाच्या काट्यावर चालले असे मात्र मानू नये. सरकारी ग्रंथांतून तसे चित्र रंगविलेले असते आणि ते खोटे आहे. यंत्रे एका गाडीत, त्यांच्या मोटारी दुसरीत, आणि दोन्ही गाड्या निरनिराळ्या प्रांतांत, असे वारंवार घडले. पुष्कळ माल मागेच राहिला, पुष्कळ बाँबखाली गेला. हिवाळ्यापर्यंत पूर्वेकडील स्थानकांत भरलेल्या वाघिणींची इतकी दाटी झाली की २५ डिसेंबरला स्थलांतर मंडळाचे काम गुंडाळून, वाटेत अडकलेला माल उतरवून घेण्यासाठी मिकोयान यांच्या अध्यक्षतेखाली निराळी समिती बसवावी लागली. रेल्वेची दशा अशी झाली की मार्च १९४२ मध्ये स्टॅलिनचा उजवा हात समजले जाणारे कागानोविच रेल्वेखात्यावरून दूर झाले.

आणि योजना? ती होतीच, पण तिचे स्वरूप पालटले. ३० जूनला पाच माणसांची राज्य संरक्षण समिती स्थापन झाली आणि सर्व सत्ता तिच्या हाती आली. पंचवार्षिक योजनेच्या जागी तिमाही योजना आली, पुढे महिन्याची. १६ ऑगस्टला व्होल्गा, उरल, सैबेरिया, कझाकस्तान आणि मध्य आशिया यांच्यापुरती एक युद्धयोजना मंजूर झाली. पण तिलाही रोज ठिगळे पडत. १ जुलैच्या हुकमाने मंत्र्यांना आपल्या खात्यातील माल व यंत्रे एका कारखान्याकडून दुसऱ्याकडे वळविण्याची मुभा मिळाली. आदल्या दिवसापर्यंत हा नियमभंग ठरला असता. समितीचे मुखत्यार अमर्याद अधिकार घेऊन कारखान्याकारखान्यांतून फिरू लागले. एकाने कोळशाची गाडी रणगाड्यांसाठी अडवावी आणि दुसऱ्याने तीच विमानांसाठी पळवावी, असे प्रकार झाले. अर्थशास्त्राच्या भाषेत याला अग्रक्रम ठरविणे म्हणतात. साध्या भाषेत, ज्याचा दाब अधिक त्याचा माल.

पण खालच्या पायरीवर काय चालले होते ते पाहिले की मन खरोखर थक्क होते. मॅग्निटोगोर्स्कला चिलखती पत्रा लाटण्याची गिरणीच नव्हती. तशी गिरणी होती दक्षिणेस मारिऊपोल येथे, आणि ती वाटेत होती. तेव्हा उपमुख्य यंत्रज्ञ रिझेन्को यांनी असे सुचविले की पोलादाच्या जाड लाद्या दाबणारे जे अवजड यंत्र आपल्यापाशी आहे, त्यातूनच चिलखत लाटावे. यंत्र मोडले तर सगळा कारखाना बंद, आणि सांगणाऱ्याचे काय झाले असते ते सांगावयास नको. तरी जुलै १९४१ मध्येच त्या यंत्रातून चिलखत बाहेर पडले. कीव्हचे येव्हगेनी पातोन हे सत्तरी ओलांडलेले पूल-अभियंते. त्यांची संस्था निझ्नी तागिलला गेली आणि रणगाड्यांच्या चिलखताला सांधे जोडण्याचे काम त्यांच्या स्वयंचलित वेल्डिंगने होऊ लागले. ज्या कामाला कसबी जोडारी लागत ते काम आता नवशिकी पोरे करू लागली. रबर मिळेना तेव्हा रणगाड्यांना निव्वळ लोखंडी चाके बसविली. ती खडखडत, पण चालत. सुटे भाग कमी केले, घासकाम-चकाकी सोडून दिली. १९४१ साली एका टी-३४ ला सुमारे आठ हजार मनुष्यतास लागत. १९४३ पर्यंत ते निम्म्याहून खाली आले. यातले काही गॉसप्लानच्या कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नव्हते.

१९४२ चे आकडे प्रसिद्धच आहेत. रशियापाशी त्या वर्षी पोलाद होते अवघे ८१ लाख टन. युद्धापूर्वी १८३ लाख होते. जर्मनी आणि तिच्या ताब्यातील युरोप यांच्यापाशी याच्या तिपटीहून अधिक. असे असून रशियाने त्या वर्षी २४ हजारांवर रणगाडे बांधले आणि २५ हजारांवर विमाने. जर्मनीचे रणगाडे सहा हजारांच्या आसपास आणि विमाने पंधरा हजारांच्या थोडी वर. थोड्याच नमुन्यांचा माल, तोच तो, अखंड काढीत राहणे हे यामागचे एक रहस्य. दुसरे असे की राष्ट्राच्या हाती होते नव्हते ते सारे एकाच भट्टीत ओतले गेले. १९४० साली राष्ट्रीय उत्पन्नाचा सहावा हिस्सा संरक्षणावर जात होता. १९४२ पर्यंत ते उत्पन्न एक तृतीयांशाने घटले आणि घटलेल्या उत्पन्नाचे साठ टक्के युद्धाकडे गेले, असा आजच्या अर्थेतिहासकारांचा हिशेब आहे.

येथेच हुकमतीचे दुसरे तोंड दिसू लागते. रणगाडा हवा म्हटल्यावर रणगाडा मिळाला. पण रणगाड्याला पोलाद, पोलादाला कोळसा, कोळशाला खाणकामगार आणि खाणकामगाराला भाकरी लागते. या साखळीच्या खालच्या कड्यांकडे बघावयास वरच्या कोणास सवड नव्हती. खाणीतली माणसे पलटणीत गेली, कोळसा तुटला, उरलच्या वीजघरांत वीज पुरेना. कारखाने यंत्रांनी भरलेले आणि यंत्रे विजेवाचून थांबलेली, अशी स्थिती आली. डिसेंबर १९४२ मध्ये संरक्षण समितीने कोळसा, वीज, धातू आणि रेल्वे यांवर सतत नजर ठेवण्यासाठी एक निराळा कार्यकारी विभाग काढला, तेव्हा कोठे समतोल परत येऊ लागला. नियोजन म्हणजे खरोखर हा समतोल. आणि तो त्या राष्ट्राने युद्ध सुरू झाल्यावर दीड वर्षाने पुन्हा शिकावयास घेतला.

भाकरीचा समतोल मात्र अखेरपर्यंत आला नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपण म्हणतो. तेथे पैशाचेही आणता आले, अन्नाचे आले नाही. गावांतून पुरुष गेले, लष्कराने घोडे नेले, आणि ट्रॅक्टर बनविणाऱ्या स्टॅलिनग्राड, खार्कोव्ह व चेल्याबिन्स्कच्या कारखान्यांतून आता रणगाडे निघत होते. राहिल्या बायका, म्हातारे आणि मुले. त्यांनी नांगराला गायी जुंपल्या, आणि गायीही नव्हत्या तेथे स्वतः दोर ओढले. एप्रिल १९४२ च्या हुकमाने सामुदायिक शेतावरील बारा वर्षांच्या मुलालासुद्धा वर्षाचे किमान काम नेमून दिले. तरीही १९४२ चे पीक १९४० च्या एक तृतीयांशाखाली गेले. या घटलेल्या पिकातून सरकार आपला वाटा आधी उचलीत असे; आणि ज्याने ते पिकविले त्या शेतकऱ्याला शिधापत्रिकाच नव्हती. शिधा होता तो शहरांना, आणि त्यातही हुद्द्याप्रमाणे व कामाप्रमाणे. वेढ्यातील लेनिनग्राडमध्ये २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात कामगारास दिवसाला २५० ग्रॅम आणि इतरांस १२५ ग्रॅम पाव मिळत होता.

मग शहरे जगली कशी? याचे उत्तर योजनेच्या पुस्तकात सापडावयाचे नाही. कारखान्यांनी स्वतःची शेते आणि डुकरांची खुराडी काढली. कामगारांनी आगगाडीच्या रुळांकडेला, चौकांत, पडिक जमिनीवर बटाटे लावले. युद्ध संपेतो अशा वाडी करणाऱ्यांची संख्या कोट्यवधींत गेली होती. सरकारने याला आडकाठी केली नाही, उलट उत्तेजन दिले. शिवाय शेतकऱ्यांचा खुला बाजार चालूच होता. तेथील भाव १९४३ पर्यंत दहापटीहून चढले. सारातोव्ह प्रांतातील फेरापोन्त गोलोवाती या शेतकऱ्याने डिसेंबर १९४२ मध्ये आपल्या पोळ्यांतला मध विकून एक लाख रूबल उभे केले आणि सैन्याला एक लढाऊ विमान घेऊन दिले! वृत्तपत्रांनी त्याच्या देशभक्तीचा गौरव केला आणि तो यथार्थच होता. मात्र मधाला असा भाव कोठल्या बाजारात आला, हा प्रश्न कोणी छापला नाही. खाजगी व्यापार हे जेथे पाप, तेथे आणीबाणीत त्या पापानेच लोकांच्या तोंडात घास घातला. पुढे डिसेंबर १९४७ च्या चलनबदलात जवळच्या रोख दहा रूबलांचा एक झाला आणि शेतकऱ्याने बाजारात मिळविलेला पैसा पाण्यात गेला. त्याआधीच्या १९४६-४७ च्या दुष्काळात दहा लाखांहून अधिक माणसे मेली असे आजचे अभ्यासक मानतात.

बिऱ्हाडाबरोबर आलेले सारेच लोक आपखुशीने आले होते असेही नाही. नोकरी सोडून जाणे हा १९४० पासूनच फौजदारी गुन्हा होता. २६ डिसेंबर १९४१ च्या हुकमाने युद्धसामग्रीच्या कारखान्यातून निघून जाणारा कामगार पलटणीतून पळालेल्या शिपायासारखा ठरला आणि त्याला पाच ते आठ वर्षांची कैद नेमली गेली. फेब्रुवारी १९४२ मध्ये शहरांतील सोळा वर्षांवरील रिकामे हात सक्तीने कामास जुंपण्यात आले. याच्याही खाली एक थर होता. कुइबिशेव्हजवळच्या ज्या विमान कारखान्यांना, लाल सेनेला तुमची विमाने हवेइतकी आणि भाकरीइतकी हवीत अशा आशयाची स्टॅलिनची सुप्रसिद्ध तार गेली, त्यांच्या इमारती बांधल्या होत्या कैद्यांनी. ऑगस्ट १९४१ च्या हुकमाने व्होल्गाकाठच्या जर्मनवंशीय नागरिकांना सरसकट घराबाहेर काढून पूर्वेस नेले आणि त्यांच्यातल्या धडधाकट माणसांच्या श्रमसेना केल्या. चेल्याबिन्स्कचा पोलादाचा कारखाना उभारताना त्यांतले पुष्कळ जण खपले. १९४२ साली कैद्यांच्या छावण्यांत दर चार माणसांमागे जवळजवळ एक मृत्यू झाला. पुढे या छावण्यांच्याच कागदपत्रांतून निघालेला हा हिशेब आहे.

परकीय मदतीविषयी दोन शब्द लिहावयास हवेत, कारण तिच्यावरून अजून वाद होतात. अमेरिकेने सुमारे चार लाख मोटारवाहने, दोन हजारांच्या घरात रेल्वे एंजिने, विमानांचे पेट्रोल, तारा, बूट आणि डबाबंद मांस पाठविले. काही माल तर आपल्या हिंदुस्थानातून क्वेट्टा-जाहिदान मार्गे इराणातील मशहदपर्यंत आणि तेथून सरहद्दीपार गेला. वोझ्नेसेन्स्कीने आपल्या ग्रंथात ही मदत देशाच्या स्वतःच्या उत्पादनाच्या चार टक्केच असल्याचे लिहिले. पण रशिया त्या काळी नवी एंजिने जवळजवळ बनवीतच नव्हता, हे तेथे ओघाने आले नाही. रणगाडे करावयास मोकळीक मिळाली ती एंजिने कोणी दुसरा देत होता म्हणूनही. मात्र मदतीचा मोठा भाग १९४३ नंतर पोचला. मॉस्को आणि स्टॅलिनग्राड राखली गेली ती मुख्यतः घरच्या मालावर, हेही तितकेच खरे.

युद्ध संपले; यंत्रे परत फिरली नाहीत. उरलचा तो परिसर कायमचा देशाचा शस्त्रागार झाला. स्व्हेर्डलोव्हस्कचा 'उरलमाश' युद्धात रणगाड्यांचे सांगाडे आणि स्वयंचलित तोफा काढीत असे; त्याच कारखान्याची यंत्रसामग्री पुढे आपल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात येऊन बसली. माणसांना मात्र घरची ओढ होती. १९४५ साली पूर्वेकडील अनेक कारखान्यांतून, आता आम्हांला आमच्या गावी जाऊ द्या, अशी कुरबुर उठली. ज्यांना परवानगी मिळाली नाही त्यांच्या डोक्यावर १९४१ चा हुकूम १९४८ पर्यंत लटकत राहिला.

वोझ्नेसेन्स्कीचा युद्ध-अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९४७ साली निघाला आणि त्याला स्टॅलिन पारितोषिक मिळाले. माणसे किती मेली हे त्यात नव्हते. स्टॅलिनने १९४६ साली सत्तर लाख म्हटले होते आणि आज तो आकडा दोन कोटी सहासष्ट लाख मानला जातो. मार्च १९४९ मध्ये वोझ्नेसेन्स्कीला सर्व पदांवरून काढले. गॉसप्लानमधून गुप्त कागद गहाळ झाले, आणि वर्षाच्या पहिल्या तिमाहीचे औद्योगिक उद्दिष्ट मुद्दाम कमी धरले, असे त्याच्यावर आरोप होते. आठ हजार मनुष्यतासांचे चार हजार झाले तेव्हा ज्याच्या तक्त्यांना कोणी विचारले नव्हते, त्याच्यावर तक्ता खाली धरल्याचा ठपका! घरी बसून तो साम्यवादाच्या अर्थशास्त्रावर नवा ग्रंथ लिहीत होता. ऑक्टोबरात त्याला अटक झाली. त्या वेळी रशियात देहदंडाची शिक्षाच नव्हती. १९४७ साली ती रद्द झाली होती. जानेवारी १९५० मध्ये ती पुन्हा अमलात आणली गेली आणि १ ऑक्टोबर १९५० च्या रात्री लेनिनग्राडमध्ये त्याला गोळी घालण्यात आली. त्याचा विद्यापीठात कुलगुरू असलेला भाऊ आणि बहीण यांचीही त्याच महिन्यांत तीच गत झाली. ग्रंथाच्या प्रती तोवर वाचनालयांतून काढून घेतलेल्या होत्या.